पळी, मोटारसायकल आणि तुकड्यांचा हिशेब

मोटारसायकल दारात लावून इंजिन बंद केले, की थोडा वेळ टिक् टिक् असा बारीक आवाज येत राहतो. तापलेले धातूचे भाग निवताना आकसत असतात, त्यांचा तो आवाज. सिलिंडरभोवती एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. कारखान्यात काय आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात काय, त्यांना सगळे ‘फिन्स’ म्हणतात. इंजिनाच्या पोटात जळणाऱ्या पेट्रोलची बरीचशी उष्णता चाकापर्यंत पोचतच नाही. त्यातली काही धुराबरोबर जाते आणि काही सिलिंडरच्या भिंतीत शिरते. ती तिथे साठू दिली तर तेलाचा थर जळेल आणि पिस्टन जाम होईल. म्हणून तिला बाहेर पडायला जास्त जागा करून द्यायची, एवढेच या फिन्सचे काम.

आता प्रश्न असा, की फिन किती लांब करावी, किती जाड करावी, आणि एकूण किती लावाव्यात? माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे या प्रश्नात गेली. त्याचे उत्तर शोधण्याची माणसाची धडपड जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. आज त्या धडपडीविषयी आणि तिच्या शेवटच्या टप्प्यावर मी स्वतः केलेल्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. उकळत्या आमटीत पळी राहिली, तर थोड्या वेळाने तिचे टोक हाताला लागते. पितळेची पळी लवकर चटका देते, स्टीलची उशिरा. पळी लांब असेल तर टोक धरवते. माझी आजी कधी शाळेत गेली नव्हती, पण या तिन्ही गोष्टी तिला पक्क्या माहीत होत्या. आमटीची उष्णता दांड्यातून वर चढते आणि चढता चढता वाटेत हवेत सांडत जाते. जितकी वर जावी तितकी ती कमी होते. इंजिनाची फिन म्हणजे अशीच एक पळी. फक्त तिथे उष्णता सांडावी अशीच आपली इच्छा असते.

या ‘चढणे आणि सांडणे’ व्यवहाराचा जमाखर्च प्रथम नीट मांडला तो जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने. त्याचा जन्म १७६८ सालचा. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला आणि परतल्यावर, १८०२ मध्ये, ग्रनोबल येथे प्रीफेक्ट झाला. प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी. दलदली कोरड्या करणे, रस्ते बांधणे ही त्याची दिवसाची कामे. उरलेल्या वेळात तो लोखंडाची कडी तापवून तिच्यावर ठिकठिकाणी तापमापक लावून बसे. एका टोकाला तापवलेल्या सळईचा प्रश्न त्याच्या आधी, १८०४ साली, बिओ या शास्त्रज्ञाने हाताळला होता. पण त्याला त्याचे समीकरण नीट बसवता आले नव्हते. फूरियेने ते बसवले. सळईचा एक छोटासा काप घ्या. त्यात एका बाजूने आलेली उष्णता म्हणजे जमा. दुसऱ्या बाजूने पुढे गेलेली आणि पृष्ठभागातून हवेत गेलेली उष्णता म्हणजे खर्च. तापमान स्थिर झाले असेल तर दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. मांडणी साधी आहे, पण त्यातून निघणारे गणित त्या काळच्या धुरिणांना पचले नाही. १८०७ च्या डिसेंबरात त्याने आपला निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला, तेव्हा लाग्रांजसारख्या ज्येष्ठाने त्यातल्या रीतीवर आक्षेप घेतला. पुढे याच विषयावर त्याला पारितोषिक मिळाले, तेही ‘मांडणीत काटेकोरपणा कमी’ असा शेरा मारून. त्याचा ग्रंथ छापून यायला १८२२ साल उजाडले. या सगळ्या वर्षांत त्याचा मोठा आधार म्हणजे ते तापमापक. कागदावरचा आकडा आणि काचेच्या नळीतला पारा एकमेकांशी जुळत होते.

पुढची शंभर वर्षे हे सळईचे गणित बरेचसे पुस्तकातच राहिले. त्याला बाहेर काढले विमानांनी. पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या विमानांत हवेने थंड होणारी इंजिने असत. फ्रान्सच्या ‘नोम’ इंजिनात तर पंख्याबरोबर सिलिंडरही गरगर फिरत, आणि त्यांच्या पोलादी अंगावर पातळ फिन्स कोरलेल्या असत. विमानात प्रत्येक ग्रॅम महाग, तेव्हा गरजेपेक्षा जास्त धातू लावून चालत नाही. १९२२ साली अमेरिकेत हार्पर आणि ब्राउन या दोघांनी हवाई संशोधनाच्या राष्ट्रीय समितीसाठी एक अहवाल लिहिला. क्रमांक १५८. (हीच समिती पुढे १९५८ मध्ये ‘नासा’त विलीन झाली.) फूरियेच्या जमाखर्चातून त्यांनी इंजिनाच्या फिनची सूत्रे तयार करून दिली. फिनच्या टोकाच्या कडेतूनही थोडी उष्णता जाते. तिच्यासाठी लांबीत जाडीच्या निम्मी भर घाला, ही त्यांची युक्ती अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही वापरतात. पाठोपाठ १९२६ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट श्मिट याने दाखवले, की कमीत कमी धातूत जास्तीत जास्त उष्णता बाहेर टाकायची तर फिन मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळती हवी.

या सूत्रांनी एक गोष्ट उघड केली, ती नुसत्या अंदाजाने कळणारी नव्हती. मी एका फिनचे आकडे देतो. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची सरळ पट्टी, लांबी ५० मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, वाऱ्याचा झोत बऱ्यापैकी. तिची लांबी दुप्पट केली तर उष्णता दुप्पट जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ती जेमतेम २७ टक्क्यांनी वाढते. आणखी दुप्पट केली तर त्यावर ४ टक्केसुद्धा वाढत नाही. कारण टोकापर्यंत पोचेतो उष्णता संपलेली असते. पुढचा धातू नुसता वजन म्हणून लोंबत राहतो.

मात्र सूत्रे सरळ, गुळगुळीत आकारांची असतात. खऱ्या सिलिंडरवरची फिन तशी नसते. कुठे बोल्टसाठी भोक, कुठे स्पार्क प्लगसाठी खाच, कुठे ओतकामाच्या सोयीसाठी दिलेला उतार. अशा आकाराला एका ओळीचे सूत्र नाही. इंग्लंडमध्ये साउथवेल याने १९३०-४० च्या सुमारास अशा प्रश्नांसाठी हाताने आकडेमोडीची एक पद्धत रूढ केली. आकारावर जाळे टाकायचे, प्रत्येक गाठीवर अंदाजाने तापमान लिहायचे, आणि जिथे जमाखर्च जुळत नाही तिथे आकडा थोडा थोडा सरकवत जायचे. एकेका आकृतीला दिवसच्या दिवस लागत. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राला नव्हे, माणसाला लावत. अमेरिकेच्या लँग्ली प्रयोगशाळेत १९३५ पासून महिला हे ‘कॉम्प्युटर’चे काम करत होत्या.

तुकड्यांची कल्पना आली ती वेगळ्याच बाजूने. रिचर्ड कुरांट हा जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा नामवंत गणितज्ञ. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्याला पदावरून दूर केले आणि तो पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाला. १९४१ मध्ये दिलेल्या आणि १९४३ मध्ये छापलेल्या एका व्याख्यानाच्या शेवटी त्याने एक उदाहरण जोडले. आकृतीचे त्रिकोण पाडा. प्रत्येक त्रिकोणात अज्ञात राशी सरळ उताराने बदलते असे धरा. मग फक्त कोपऱ्यांवरचे आकडे शोधायचे राहतात. आज जगभर जी पद्धत वापरतात तिचे हे बीज. पण व्याख्यान छापले गेले आणि अभियंत्यांच्या दृष्टीने पडून राहिले. शेकडो कोपऱ्यांची शेकडो समीकरणे सोडवणार कोण? यंत्र अजून यायचे होते.

यंत्र आले तेव्हा हीच कल्पना विमान कारखान्यात पुन्हा जन्मली. बोइंगमधल्या टर्नर यांच्या गटाला त्रिकोणी, पातळ पंख किती वाकेल हे काढायचे होते आणि तुळईचे नेहमीचे गणित तिथे लागू पडत नव्हते. कॅलिफोर्नियातले तरुण प्राध्यापक रे क्लफ १९५२ आणि १९५३ च्या उन्हाळी सुट्ट्यांत तिथे कामाला गेले. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. शब्दाचा अर्थ सरळ आहे: मर्यादित आकाराचा तुकडा. कलनशास्त्रातला काप अतिसूक्ष्म असतो, डोळ्यांना न दिसणारा. हा तुकडा मात्र दिसतो, मोजता येतो, त्याला क्रमांक देता येतो.

पद्धतीचा उष्णतेशी लवकरच संबंध आला, तोही एका धरणामुळे. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या नॉरफोर्क या काँक्रीटच्या धरणाला तापमानातल्या बदलामुळे मधोमध उभी भेग पडली होती. धरण सुरक्षित आहे का, याचा हिशेब १९६२ च्या सुमारास क्लफ आणि त्यांचा विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी तुकड्यांच्या पद्धतीने केला. मग १९६५ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीचे झिएंकिविच आणि चेउंग यांनी दाखवले, की पंखाचे वाकणे असो, जमिनीत पाझरणारे पाणी असो की धातूतली उष्णता, तुकड्यांचा जमाखर्च एकाच साच्यात बसतो. १९६६ मध्ये विल्सन आणि निकेल यांनी खास उष्णतावहनासाठी ही पद्धत मांडली. फूरियेची सळई दीडशे वर्षांनी संगणकात शिरली.

ही पद्धत कशी चालते? आपली ५० मिलिमीटरची फिन घ्या. मुळाशी तापमान १३० अंश, बाहेरची हवा ३०. टोकाशी किती? फिनचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात तापमान सरळ रेषेत उतरते असे धरा. मग प्रत्येक सांध्यावर जमाखर्चाचे एक समीकरण मिळते. जितके सांधे तितकी समीकरणे. ती सगळी एकदम सोडवायची. अख्खी फिन एकच तुकडा मानली तर टोकाचे तापमान ९२.५ येते. दोन तुकडे केले तर ९४.३. चार केले तर ९४.७. अचूक सूत्राचे उत्तर आहे ९४.८. इतक्या ओबडधोबड तुकड्यांतून उत्तर इतके जवळ यावे, याचा मला आजही आनंद वाटतो. आणि खरी खुबी ही, की तुकडे वाकड्या आकाराचेही पाडता येतात. भोक, खाच, उतार कशालाच ही पद्धत अडत नाही.

आता माझी गोष्ट. १९७८ साल. पुण्याच्या परिसरातल्या एका कारखान्यात मी इंजिनाच्या आरेखन विभागात नवा होतो. एका लहान इंजिनाच्या सिलिंडरचा नवा आराखडा चालू होता. मी महाविद्यालयात फोरट्रान शिकलो होतो आणि तुकड्यांच्या पद्धतीने भारावलो होतो. साहेबांकडे हट्ट धरून मी फिनचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कारखान्यात संगणक नव्हता. एका संस्थेच्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा वेळ मिळे. एका ओळीला एक, अशी भोके पाडलेली कार्डे. त्यांचा रबर लावलेला गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद घ्यायला जायचे. एक स्वल्पविराम चुकला तर अख्खी खेप फुकट.

दोन महिन्यांनी प्रोग्रॅम चालला. उत्तर असे आले, की आराखड्यातल्या फिन्स फारच अपुऱ्या आहेत. त्या जवळजवळ दुप्पट कराव्या लागतील. मी तुकडे अधिक बारीक करून पाहिले. उत्तर हलले नाही. उलट दशांशचिन्हापुढचे आकडेसुद्धा स्थिर झाले, तशी माझी खात्री वाढली. लाकडी पॅटर्न करणारे मिस्त्री सोमवारी काम सुरू करणार होते. मी साहेबांपुढे कागद ठेवला आणि पॅटर्न बदलायला सांगितले.

साहेब जुन्या वळणाचे. टेबलावर स्लाइड रूल, कानावर पेन्सिल. त्यांनी कागद पाहिला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मिस्त्रींना दोन दिवस थांबायला सांग. आणि तुझ्या यंत्राला एक सोपे गणित घाल.” त्यांनी एका सरळ पट्टीचे आकडे लिहून दिले. मघाशी मी सांगितली तीच ही ५० मिलिमीटरची पट्टी. धातूची वाहकता, जाडी, वारा, लांबी, सगळे त्यांनी असे निवडले होते, की गुणून भागून त्यातून नेमका १ हा आकडा यावा. दुसऱ्या दिवशी मी उत्तर आणले: टोकाशी १०९.३ अंश.

साहेबांनी पेन्सिल घेतली. एका कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी २.७१८ लिहिले, त्याखाली त्याचा व्यस्तांक ०.३६८, दोघांची सरासरी १.५४३, शंभरला तिने भागून ६४.८, हवेचे ३० मिळवून ९४.८. फूरिये, हार्पर आणि ब्राउन सगळे त्या चार ओळींत होते. टोकाची कड सोडून दिली होती, पण प्रोग्रॅममध्येही ती सोडलेलीच होती. मी म्हणालो, “सूत्र आणि तुकड्यांची पद्धत यांत थोडा फरक पडायचाच, साहेब.” त्यांनी काही न बोलता एका तुकड्याचे समीकरणही हाताने मांडले. शंभराचे पाच अष्टमांश, म्हणजे ६२.५. अधिक ३०, ९२.५.

“पद्धत चुकलेली नाही,” ते म्हणाले. “एका तुकड्यात माझे दोन अंशांनी चुकले. तुझ्या दहा तुकड्यांत पंधरा अंशांनी कसे चुकते?” मग फूटपट्टी उभी धरून त्यांनी विचारले, “फिनला बाजू किती?”

“दोन.”

“तुझ्या प्रोग्रॅममध्ये किती आहेत?”

मी कार्डे चाळली. हवेत जाणाऱ्या उष्णतेच्या ओळीत पट्टीची एकच बाजू धरलेली होती. दोनने गुणायचे राहिले होते. माझ्या फिनला पोट होते, पाठ नव्हती. अर्ध्या पृष्ठभागातून उष्णता जात होती, म्हणून यंत्र दुप्पट फिन्स मागत होते. त्याने हिशेबात कुठे चूक केली नव्हती. मी दिलेला चुकीचा प्रश्न त्याने अगदी बिनचूक सोडवला होता. तुकडे बारीक केल्याने तुकड्यांची चूक कमी होते, माझी नाही. ती फक्त अधिक दशांश स्थळांपर्यंत नेमकी होते.

दोनचा आकडा घालून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आराखड्यातल्या फिन्स पुरेशा निघाल्या. भोकाजवळ एका जागी थोडी जाडी वाढवावी लागली, आणि ती जागा मात्र कुठल्याही सूत्राने दाखवली नसती. ती तुकड्यांनीच दाखवली. मिस्त्रींनी बुधवारी काम सुरू केले. साहेबांनी ही गोष्ट कधी कोणाला सांगितल्याचे माझ्या कानावर आले नाही. त्यांचा कागदाचा कोपरा मात्र मी फाडून जपून ठेवला आहे.

पुढे सगळे झपाट्याने सोपे झाले. १९९१ मध्ये चंद्रुपाटला आणि बेलेगुंडू या भारतीय वंशाच्या दोन प्राध्यापकांचे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात उष्णतावहनाचे छोटे, वाचून समजतील असे प्रोग्रॅम तयारच होते. आम्ही दोन महिन्यांत जे उभे केले ते विद्यार्थी एका संध्याकाळी चालवू लागले. आता तर पडद्यावर फिन लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत झळकते आणि लाखो तुकड्यांचा हिशेब चहा होईपर्यंत पुरा होतो. हे चांगलेच झाले. संगणकाच्या पोटातल्या चिपवर बसणारी, एलईडी दिव्याच्या पाठीमागची, अशा सगळ्या फिन्सचे आराखडे या हिशेबामुळे सुधारतात. कार्डांच्या गठ्ठ्याची मला मुळीच आठवण येत नाही.

मात्र एक गोष्ट मी शिकवत असताना प्रत्येक तुकडीला करायला लावली. नवा प्रोग्रॅम हाती आला, की पहिले गणित सरळ पट्टीचे. कारण तिचे उत्तर यंत्राबाहेर, स्वतंत्रपणे, आपल्याला ठाऊक आहे. जुने सूत्र नव्या पद्धतीमुळे निवृत्त झाले असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते त्याचे काम बदलले. पूर्वी ते उत्तर देत असे, आता साक्ष देते. फूरियेला तापमापकाची साक्ष होती. मला साहेबांच्या पेन्सिलीची मिळाली. इतिहासातले जुने टप्पे माहीत असण्याचा हा रोकडा उपयोग आहे: नव्या उत्तराला विचारायला आपल्याजवळ एक तरी प्रश्न असतो.

आज रात्री आमटी ढवळून झाली की पळी क्षणभर पातेल्यात राहू द्या आणि दांड्यावरून बोट जपून वर वर न्या. कुठे पोळते, कुठे नुसते कोमट लागते ते पाहा. आणि हेही लक्षात घ्या, की दांड्याला पुढची बाजू आहे तशी मागचीही आहे. मला ते कळायला दोन महिने आणि कार्डांचे बरेच गठ्ठे लागले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)